रानदवण्याला आवतण

मुरबाडला रेल्वे जात नाही. कल्याणहून एसटीने नाहीतर जीपने जावं लागतं, आणि मी ज्या वाडीत गेले तिथं जीपही पोहोचत नाही. आमच्या ओळखीतलं कोणी तिकडे गेलेलं नव्हतं. एरवी मीही गेले नसते. अनोळखी घरात पाणी मागायचाही मला संकोच वाटतो. पण एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि प्रकल्पासाठी मला एक झाड हवं होतं.

झाडाचं नाव रानदवणा. देवाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातलं, पण माणसाच्या उंचीचं, पानं खालून पांढुरकी, चुरडली की उग्र वास सुटतो. हिवतापावरचं जे नवं औषध त्या वर्षांत आपल्याकडे रुळत होतं, ते या कुळातल्या एका चिनी झाडापासून काढतात. आपल्या रानदवण्यात तेच द्रव्य आहे का, हे सरांना बघायचं होतं. "बहुतेक नसणार," ते म्हणाले होते, "पण नाही म्हणायच्या आधीही कोणीतरी बघायला हवं."

या जातीच्या द्रव्यांना सेस्क्वीटर्पीन म्हणतात. झाड पाच कार्बनांचा एक तुकडा तयार करतं. असे तीन तुकडे जोडले की पंधरांची साखळी होते, आणि ती साखळी कशी दुमडली, तिला कुठे गाठ पडली, यावर तिचा वास, कडूपणा आणि गुण ठरतो. हळदीच्या वासात ही द्रव्यं आहेत, सुंठीत आहेत, नागरमोथ्यात आहेत. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली, त्यामुळे सेस्क्वीटर्पीन हा शब्द मला नागरमोथा या शब्दाच्या आधी कळला. तिकडे गेल्यावर याची मला पुन्हा पुन्हा आठवण होत राहिली.

भातसानगर

पहिला मुक्काम शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या कॉलनीत. बाबांचे मित्र सुरेशकाका धरणावर नोकरीला होते. आश्विन चालू होता. पाऊस संपला होता, गवत अजून हिरवं होतं आणि धरण काठोकाठ भरलेलं. काकांनी मला बॅग खाली ठेवायच्या आधी पाणी दाखवायला नेलं.

"बघून घे. तू मुंबईत सकाळी दात घासतेस ना, ते हे पाणी."

"अहो, पोर आत्ता आली. तिला चहा पाजा आधी, पाणी कसलं दाखवताय," काकू मागून म्हणाल्या.

कॉलनीच्या फाटकाबाहेर दोघी बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. काकांनी तिकडे बोट केलं नाही, मीही काही विचारलं नाही.

काकू दिवाळीच्या उटण्याची तयारी करत होत्या. अंगणातल्या लव्हाळ्याच्या गाठी, म्हणजेच नागरमोथा, उपटून, धुऊन त्यांनी सुपात वाळत घातल्या होत्या. एक गाठ फोडून त्यांनी माझ्या नाकाशी धरली. ओल्या मातीचा आणि थोडा कापराचा वास. मी सांगितलं की मी ज्या द्रव्यांवर काम करते, त्यांचाच हा वास आहे. मग काकांना आपल्या लहानपणचा किरमाणी ओवा आठवला. पोटात जंत झाले की त्यांची आई तो गुळात घालून द्यायची. त्यातलं जंतांवर लागू पडणारं द्रव्यही याच कुळातलं असतं, मी म्हटलं, पण ते जास्त झालं तर माणसाला सगळं पिवळं दिसतं.

काका खुर्चीत ताठ झाले. "पिवळंच! मला दोन दिवस सगळं पिवळं दिसत होतं. भिंती पिवळ्या, म्हैस पिवळी. आई म्हणायची, शाळा चुकवायला सोंग करतोय."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खरं बोलत होता?" काकूंनी विचारलं, आणि दोघं इतकं हसले की मीही हसले.

आमच्या घरी औषध चांदीच्या कागदातून येतं. त्याला वास नसतो. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझ्या बोटांना लव्हाळ्याचा वास येत होता.

धसई

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून दुसऱ्या गाडीने धसई. गाडीतल्या हालांबद्दल लिहीत नाही. धसईला मला मंदाताई घ्यायला आल्या. त्या अंगणवाडी सेविका. सरांच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांचं नाव सुचवलं होतं. बाजाराचा दिवस होता. नवा तांदूळ अजून आला नव्हता, पण काकड्या, दुधी, लाल माठ यांचे ढीग होते. मंदाताई चालता चालता सगळ्यांशी बोलत होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"कोन गो ही? नवीन बाई का शाळंवर?"

"मुंबईची हाये. पाला न्यायला आली."

"मुंबईला पाला नाय?"

"असता तर आली असती का एवढ्या धुळीत?"

मंदाताईंच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना भात पिकून वाकला होता, काही शेतांत कापणी लागली होती. समोर घाटाचा कडा. बांधावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मंदाताईंनी पिशवीतून सुतळी काढून तो बांधून दिला आणि त्याच वेळी, चपलेकडे बघत, मला गोष्ट सांगितली.

"चांगुणाकडं जातोय आपण. बाई चांगली हाये. पण तुला ती एक गोष्ट विचारल. तू शहरातली, शिकलेली, म्हणून विचारल. आधी ऐकून ठेव."

चांगुणाला एक मुलगा होता, रोहिदास. मंदाताईंच्या अंगणवाडीतून तो नुकताच पहिलीत गेला होता. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्याला थंडी वाजून ताप आला. खालच्या दवाखान्यात रक्त तपासलं, हिवताप निघाला, गोळ्या दिल्या. त्याने गोळ्या घेतल्या. ताप उतरला आणि पुन्हा चढला, आणि या वेळी डोक्यात गेला. झटके यायला लागले. जीप करून कल्याणला निघाले, पण मुरबाड यायच्या आतच तो गेला.

"मग पुढच्या वर्षी वाडीत शिबिर झालं," मंदाताई म्हणाल्या. "एक डॉक्टर आलेले, तरुण. भला माणूस. लोकांना हुरूप यावा म्हणून म्हणाले, तुमच्या रानात काय काय हाये तुम्हाला माहीत नाय, हिवतापाचं सगळ्यांत नवं औषध दवण्यातनं निघतं. ही मागं उभी होती. तिच्या घराच्या कुडाला लागून रानदवणा हाये. वर्षानुवर्षं. पोरगा आतून त्याच कुडाशी झोपलेला होता."

त्यांनी सुतळीची गाठ मारली.

"तवापासनं वाडीत कुणाला थंडी वाजली की ती दवणा उकळून देते. लोक रक्त तपासायला खाली येत नायत, उशिरा येतात. मी भांडले तिच्याशी. म्हणजे मी भांडले, ती नाय भांडली. चल, ऊन वाढतंय."

वाडी

घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काड्यांच्या भिंतींचं, शेणाने सारवलेलं, आत अंधार आणि थंडावा. दारात एक म्हातारी विळी घेऊन बसली होती. ती चांगुणाची सासू, बुधीबाय. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लगीन झालं का गो?"

"नाही."

"पोर?"

"अहो, लग्न नाही झालं."

"घरात कुनाला ताप?"

"नाही."

"नवरा नाय, पोर नाय, ताप नाय, नि दवणा पायजे!" म्हातारी मंदाताईंना म्हणाली. "ही मुंबईची मानसं अशीच का सगळी?"

चांगुणा शेतातून आली तेव्हा तिच्या हातात पाच-सहा खेकडे होते, गवताच्या काडीने पाय बांधलेले. ती माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ तरुण होती, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. ती हसली, "बस बाय," म्हणाली आणि पाट्यावर वाटायला बसली. मंदाताई मला तिथे सोडून उतरून गेल्या. चांगुणाचा नवरा वाळकू कापणीसाठी दुसऱ्या गावी गेला होता, म्हणून घरात आम्ही तिघीच.

दुपारी खेकड्यांचं कालवण आणि भात. आमच्याकडे खेकडा क्वचित होतो, आणि झाला तरी आई तो फोडून देते. मी एका नांगीशी बराच वेळ झटत राहिले.

"बाय, तो तुला खातोय का तू त्याला?" बुधीबायने विचारलं. तिने माझ्या ताटातली नांगी उचलली, दाताखाली फोडली आणि परत माझ्या भातावर ठेवली. घरी असं झालं असतं तर मी ताट बाजूला सारलं असतं. तिथे मी ती खाल्ली. गोड होती.

जेवणानंतर चांगुणा मला घरामागे घेऊन गेली. कुडाला लागून रानदवणा उभा होता, फुलोऱ्यावर आलेला. बारीक, मळकट, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी त्याची फुलं. तिने एक पान तोडलं नाही, फक्त फांदीवरून हात फिरवून माझ्यासमोर तळवा धरला. तेवढ्यानेही वास लागला होता.

"बाय, हाच काय तो?"

मला कळलं ती काय विचारत होती. मंदाताईंनी सांगितलं नसतं तरी कळलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "याच्यासारखंच दुसरं झाड आहे, त्याच्यात आहे. याच्यात असेल किंवा नसेल. बघावं लागेल."

"कसं बघतात?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पानं वाळवायची, एका द्रवात भिजवायची, तो द्रव काचेच्या पट्टीवर टेकवायचा. शेजारी त्या दुसऱ्या झाडाचा टेकवायचा. मग दोन्ही पट्टीवर वर चढतात, प्रत्येक द्रव्य आपापल्या उंचीला थांबतं. वरून एक औषध फवारून तापवलं की डाग दिसतात. शेजारच्याचा डाग आणि याचा डाग एकाच उंचीला, एकाच रंगाचा आला, तर हाच तो.

तिने लक्षपूर्वक ऐकलं. "तो ह्यो इथं झोपलेला," ती म्हणाली आणि कुडाला हात लावला. "ह्या बाजूला त्याचं डोसकं. वास यायचा त्याला. म्हनायचा, आये, घान वास येतो. मी म्हनाली, गप पड." मग थोड्या वेळाने, "बघ तू. नि मला येऊन सांग. मंदाकडं निरोप नको देऊ. तू ये."

मी येईन म्हणाले.

पानं मी तेव्हाच तोडायला निघाले होते. पिशवी उघडलीही होती. चांगुणाने माझा हात धरला.

"अशी नाय. आदी आवतण द्यायला पायजे."

लग्नाकार्याला देतात तसं आवतण. रानातलं औषध असंच ओरबाडत नाहीत. आदल्या दिवशी दिवे लागायच्या वेळी झाडापाशी जायचं, तांदूळ वाहायचे, कोण आजारी आहे त्याचं नाव आणि त्याला काय होतंय ते सांगायचं, उद्या ये म्हणायचं. सकाळी कुणाशी एक शब्दही न बोलता, आपली सावली झाडावर न पाडता तोडायचं.

"आणि नाव नाही सांगितलं तर?"

"मंग तो नुसता पाला," चांगुणा म्हणाली. "गुरं खातात तसा."

संध्याकाळी आम्ही तिघी पुन्हा मागे गेलो. बुधीबाय काठी टेकत आली आणि दगडावर बसली. चांगुणाच्या ओंजळीत तांदूळ होते.

"नाव सांग बाय."

"कुणी आजारी नाही हो. तपासायला हवाय."

"तपासायला म्हंजे कुनाला?" बुधीबाय म्हणाली. "त्याला काय सांगायचं, काचंला ताप आला?"

मला हसू आलं आणि लगेच अवघडल्यासारखं झालं. माझं काम अडत होतं आणि दोघी खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हणाले, मग माझं नाव सांगा. मी माझं नाव उच्चारायच्या आत चांगुणाने माझ्या तोंडावर हात धरला. त्या हाताला तांदळाचा कोंडा लागलेला होता.

"बऱ्या मानसाचं नाव नाय सांगायचं गो. ताप येऊन बसंल तुला."

वाडीत त्या आठवड्यात कोणालाच ताप नव्हता. तिने दोन-तीन घरांची नावं स्वतःशी घेतली, मान हलवली. उजेड कमी होत होता. मग तिने तांदूळ झाडाच्या बुंध्याशी ठेवले, हात जोडले आणि सरळ आवाजात म्हणाली,

"रोहिदास वाळकू. त्याला थंडीताप हाये. उद्या ये."

बुधीबाय दगडावरून उठली आणि घरात निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. चांगुणाने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "चल, भात लावायचाय."

सकाळी आम्ही बोललो नाही. सूर्य घाटाच्या मागे होता, सावल्या पडल्याच नव्हत्या. ती तोडत होती, मी पिशवी धरली होती. नेहमी गप्प राहणं मला सोपं जातं. लोक मला त्याबद्दल बोलतात. त्या सकाळी ते सोपं नव्हतं. पानं तिने माळ्यावर, चुलीच्या उष्णतेपासून लांब, सावलीत पसरली. ती सुकेपर्यंत मी तिथे राहिले, कापणीत एक दिवस विळा धरून बघितला, बोट कापून घेतलं, आणि बुधीबायने "आता आली कामाला" म्हणत त्यावर पाला चुरून बांधला. निघताना पिशवी हलकी होती. चांगुणाने ती माझ्या खांद्याला लावून दिली आणि तिच्या तोंडाची नाडी घट्ट आहे का ते दोनदा बघितलं.

मुंबईत

याबद्दल थोडक्यात. पट्टीवर चिनी झाडाचा डाग आला. शेजारी आमच्या झाडाचे डाग आले, पुष्कळ आले, खाली-वर, जांभळे, निळसर. वासाची द्रव्यं होती, कडू द्रव्यं होती. त्या एका उंचीला काही नव्हतं. मी पुन्हा केलं. मग सरांनी स्वतः केलं.

"नाही," सर म्हणाले. "ठीक आहे. नाही हेही उत्तरच असतं."

मी म्हणाले, मला ते सांगायला जायचंय. त्यांना वाटलं मी सुट्टी मागते आहे.

माघात

दुसऱ्यांदा मी कल्याणहून सरळ गेले. शेतं रिकामी, पिवळी पडलेली. ठिकठिकाणी धूर. पावसाळ्यात रोपं करायची ती जागा इकडे आधी भाजून घेतात. फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. चांगुणा तेच करत होती. डोक्यावरचा फांद्यांचा भारा तिने खाली टाकला आणि ती मला बघून थांबली. बुधीबाय बांधावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. ती सगळी पुस्तकी होती.

"चांगुणाताई, ते त्याच्यात नाही."

"नाय?"

"नाही. ते दुसरं झाड. हा त्याचा भाऊबंद आहे, पण याच्यात ते औषध नाही."

"नीट बघितलं तू?"

"पुन्हा पुन्हा बघितलं. सरांनीही बघितलं."

"आनि उकळून दिला असता तर? लई उकळून?"

"नसलेलं उकळून कसं येईल?" माझा आवाज मलाच परका वाटला. म्हणून मी पुन्हा म्हणाले, "तेव्हा तुम्हाला माहीत असतं, तुम्ही दिला असता, तरी काही झालं नसतं. तुमच्याकडून काही राहिलं नाही."

हे ऐकून तिला हलकं वाटेल, असं मी धरून चालले होते. येताना धसईला भेटलेल्या मंदाताईही तसंच म्हणाल्या होत्या. चांगुणा फांद्यांच्या भाऱ्यावर बसली आणि समोरच्या भाजलेल्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिली.

"ऐकलंस ना," बुधीबाय म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नाय तुझी चूक. वरीस झालं त्या झाडाच्या बुडाशी जाऊन बसतेस. नाय तुझी चूक, बोलली ती. आता तरी रड एकदाची."

चांगुणा रडली नाही. "म्हंजे माझ्याकडं कायच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, व्हतं नि मी दिलं नाय."

बुधीबायने शेंगा सोलायला घेतल्या, पण टरफलं सुपात आणि दाणे जमिनीवर पडायला लागले. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी भातावर वालाचं बिरडं खाऊन निघायच्या तयारीत असताना शेजारची एक बाई आली. कडेवर मुलगी, गोधडीत गुंडाळलेली, फक्त केस दिसत होते.

"चांगुणा, कालपासनं थंडी वाजते हिला. दवणा दे ना. आवतण आज देशील तर उद्या..."

"दवण्यात काय नाय," चांगुणा म्हणाली.

"काय नाय म्हंजे?"

"त्यात नाय ते औषद. ही बघून आली. हिला खाली ने, बोट टोचून घे."

"मंग माझ्या थोरल्याला दिलास तो काय व्हता?"

"पाला व्हता," चांगुणा म्हणाली. "त्याचं त्यालाच बरं वाटलं. चल, मी येते संगट."

त्या बाईने तिच्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. चांगुणाच्या आवाजात राग नव्हता. तो आला असता तर बरं झालं असतं. चांगुणाने हातपाय धुतले, लुगडं बदललं, आणि आम्ही तिघी उतरायला लागलो. ती बाई मुलीला घेऊन पुढे, आम्ही दोघी मागे.

वाट अरुंद होती, वाळलेल्या गवतातून जाणारी. मग चांगुणा न विचारता सांगायला लागली. माझ्याशी बोलत होती की नाही, सांगता येत नाही.

"गोळ्यांनी उतरला ना त्याचा ताप. खेळला बी थोडा. मला बोलला, आये, काकडी आन. गौरी दोन दिवसांवर आलेल्या. आमी बाया दर वरसाला तेरडा, अघाडा घेऊन कल्याणला जातो, गौरीला लागतो ना तुमच्या. मी म्हनाली, उतरलाय ताप, जाऊन येऊ. आजीकडं ठेवला नि गेली. मार्केटच्या भायेर एक औषदांचं दुकान हाये, त्याच्या पायरीला बसली. तो मालक चांगला, उठवत नाय कुनाला. पानी बी दिलं त्यानं. सगळा तेरडा खपला. सांजंला आली तं अंग पुन्यांदा तापलेलं."

पुढे मुलगी खोकली. बाईने गोधडी नीट केली.

"बाय."

"हं."

"ह्या झाडात नाय, तर मंग ते औषद तवा व्हतं कुठं?"

प्रकल्प सुरू करताना सरांनी मला हे औषध आपल्याकडे कुठे मिळतं त्याची चौकशी करायला लावली होती. मी कल्याणच्या दुकानांतही विचारलं होतं, मार्केटच्या आसपासच्या. चार-पाच वर्षं झाली ठेवतोय, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणजे त्या भाद्रपदातही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, देतो. फार मोठी वस्तू नसते ती. काचेच्या बारीक कुप्यांचं एक खोकं, एका मुठीत मावेल एवढं.

ती थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. कुडाला हात लावून विचारलं तेव्हा बघितलं होतं, तसंच.

"मुंबईला," मी म्हणाले. "मोठ्या दवाखान्यांत."

"मुंबईलाच?"

"हो."

तिने ते मनात मोजून बघितलं असावं. वाडी, धसई, मुरबाड, कल्याण, आणि त्याच्याही पुढे.

"मंग लांब व्हतं," ती म्हणाली.

"लांब होतं."

तिने मान हलवली. खाली रस्त्यावर जीप सुटायला आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चांगुणा मला मागे टाकून भरभर उतरली, त्या बाईला गाठलं आणि तिच्या कडेवरची मुलगी स्वतःच्या कडेवर घेतली. "धावू नको, मी थांबवते त्याला," असं काहीतरी ती तिला म्हणाली, आणि गोधडीसकट मुलीला छातीशी धरून, वाळल्या शेतातून सरळ रस्त्याकडे पळत सुटली.